आंघोळीचं पाणी सूर्यावर: ठाणे-नवी मुंबईतल्या घरात काय बसवावं, कसं बसवावं

ठाण्यात किंवा नवी मुंबईत खोली गरम करायची वेळ कोणावर येत नाही. आपल्याकडे तापवायचं असतं ते पाणी, आणि तेही मुख्यतः सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान. पूर्वी हे काम तांब्याचा बंब करायचा. लाकडं, करवंट्या, नारळाची सोडणं घालून. आता गीझर करतो. तो बंद करून ऊन, हवेतली उष्णता किंवा गच्चीवरची वीज वापरता येते का, एवढाच प्रश्न आहे. येते, आणि चांगली येते. मात्र कोणाला काय शोभेल हे घरागणिक बदलतं.

‘सोलर लावायचाय’ असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो: गच्चीपासून तुमच्या बाथरूमपर्यंत पाइप किती मीटर? या दोन्ही शहरांत डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ असतं, पाणी तापतंच. ते गरम राहून नळापर्यंत पोचतं का, यावर पुढचं सगळं ठरतं. त्यामुळे ब्रोशर उघडण्याआधी दोन मापं घ्या.

पहिलं माप: बादल्या

एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. थंडीत सकाळी टाकीतलं पाणी २२ अंशांच्या आसपास धरा, आंघोळीचं ४० अंश. एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास, म्हणून २० लिटरची बादली म्हणजे ०.४२ युनिट. चौघांच्या चार बादल्या, साधारण पावणेदोन युनिट. आता शॉवरचा हिशेब करा. मिनिटाला ८ लिटरचा शॉवर ८ मिनिटं चालला की ६४ लिटर, म्हणजे माणशी १.३ युनिट आणि चौघांचे सव्वापाच. एकाच मजल्यावरच्या दोन घरांत एवढा फरक असू शकतो. स्वयंपाकघरातला थर्मामीटर नळाखाली धरा, बादली मोजा, आणि आठवडाभराचे आकडे एका कागदावर लिहा. विक्रेता येईल तेव्हा हा कागद तुमच्या हातात असायला हवा.

मे महिन्यात उघड्यावरच्या टाकीतलं पाणी आपसूकच कोमट असतं. खरी गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि थोडी कमी प्रमाणात पावसाळ्यात. वर्षाचा हिशेब ३६५ दिवसांनी गुणून दाखवणारा विक्रेता बचत फुगवून सांगतोय, हे लक्षात ठेवा.

बचतीचे रुपये काढताना बिलातला सरासरी दर घेऊ नका. महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. गीझरचे युनिट बाकीच्या वापरावर चढतात, म्हणून ते तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये पडतात. वाचतील तेही त्याच दराने.

बादलीवाल्या घराला एक गोष्ट मी मनापासून सांगेन. आधी गीझर नीट वापरा. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर पाणी ३० अंशांनी चढवायला सोळा मिनिटं घेतो. रात्रभर चालू ठेवायचं काही कारण नाही. थर्मोस्टॅट ७० वरून ५० ते ५५ वर आणा. एवढ्यानेच भागत असेल, तर उरलेल्या बचतीसाठी छोट्या फ्लॅटने मोठा खर्च करावा का, याचा शांतपणे विचार करा.

दुसरं माप: पाइप

आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला जवळजवळ अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीपासून दहा मजले खाली, म्हणजे ३० मीटर, आणि आडवे १० मीटर धरले तर ४० मीटरांत २० लिटर. रात्रभर डक्टमध्ये उभं राहून गार झालेली ही एक अख्खी बादली नळातून वाहून गेल्यावर गरम पाणी येतं. घोडबंदर रोडवर जिथे सोसायट्या टँकर मागवतात, तिथे हे पाणी गटारात सोडणं बघवत नाही.

यावर उपाय आहे: रिंग लाइन. गरम पाण्याचा पाइप खाली जाऊन परत वर येतो आणि छोटा पंप पाणी फिरतं ठेवतो. पण फिरतं पाणी सतत उष्णता गमावतं. उघड्या पाइपातून मीटरमागे साधारण ३० वॅट जातात, उष्णता अडवणारा चांगला नायट्राइल फोम चढवला की त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतात. म्हणून तीन गोष्टी एकत्रच हव्यात: फोम, परतीचा पाइप, आणि पहाटे साडेपाच ते नऊपुरताच पंप चालवणारा टायमर. बांधकाम संपल्यावर डक्टमध्ये परतीचा पाइप घालणं फार अवघड जातं. नौपाडा, पाचपाखाडीत किंवा वाशीच्या सिडकोच्या इमारतींत पुनर्विकास चालू असेल, तर ही जागा नकाशावर असतानाच मागून घ्या.

आता घरांचे प्रकार.

स्वतःची गच्ची असेल तर: सोलर वॉटर हीटर

नेरूळ, ऐरोली, सानपाडा, कोपरखैरणेची रो-हाउसं, घोडबंदर आणि येऊर भागातले बंगले, घणसोली-दिवाळ्याच्या गावठाणातली दोन-तीन मजली घरं. इथे गच्ची आपली आणि पाइप दहा-बारा मीटरचा. मग दुसरं काही शोधू नका. उन्हावरचा साधा सोलर वॉटर हीटर हेच उत्तर. यात पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं, आणि हे चक्र ऊन असेपर्यंत चालतं.

क्षमता किती घ्यावी? टाकीत ६० अंशांचं १०० लिटर पाणी असेल, तर त्यात गार पाणी मिसळून ४० अंशांचं २१० लिटर होतं, म्हणजे दहा बादल्या. चौघांच्या बादलीवाल्या घराला १०० लिटरचा भरपूर झाला. चौघंही शॉवर घेणारे असतील तर १२५ ते १५० लिटर. दोनशे-तीनशे लिटर गळ्यात मारणारे भेटतात. जास्त मोठा सोलर एप्रिलमध्ये नुसता उकळत बसतो.

काचेच्या ट्यूबचा घ्यावा की सपाट पॅनेलचा, हे पाण्यावर आणि परिसरावर ठरवा. ट्यूबचा स्वस्त असतो, आणि दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असल्यामुळे ढगाळ दिवशीही बरी उष्णता धरतो. सपाट पॅनेलमध्ये तांब्याच्या नळ्या आणि वर टफन्ड काच असते. किंमत जास्त, पण मजबूत. मोरबे धरणाचं किंवा ठाणे पालिकेचं नळाचं पाणी मऊ आहे, त्यावर दोन्ही चालतात. बोअरवेल किंवा टँकरचं जड पाणी असेल, तर सपाट पॅनेलच्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षाराने तुंबतात. तिथे एकतर ट्यूबचा घ्या आणि दरवर्षी ट्यूब काढून धुवा, नाहीतर हीट एक्सचेंजर असलेला, म्हणजे जड पाणी बारीक नळ्यांत न नेता बाहेरूनच तापवणारा पॅनेल घ्या. येऊरच्या पायथ्याशी माकडं येतात, बंगल्यांत नारळ पडतात, गल्लीत क्रिकेट चालतं. तिथे ट्यूबवर जाळी लावावी लागेल किंवा सपाट पॅनेलच बरा. सपाट पॅनेल घेताना त्यावर आयएस १२९३३ ची आयएसआय खूण बघा.

बसवताना मी स्वतः गच्चीवर उभं राहून बघतो, त्या गोष्टी अशा.

दिशा दक्षिण. ठाणे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. आपल्याला थंडीतलं ऊन हवंय, म्हणून कल अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त, म्हणजे ३० ते ३५ अंश ठेवा. २१ डिसेंबरला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४७ अंशांवर असतो. सावली उंचीच्या ०.९ पट पडते. सकाळी नऊला तीच जवळजवळ अडीचपट. मे महिन्यात गच्ची बघून जागा ठरवू नका, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि शेजारच्या टॉवरची सावली कुठे दिसतच नाही. डिसेंबरच्या एखाद्या रविवारी नऊ, बारा आणि तीनला मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर हवी; तिचा तळ सोलर टाकीच्या माथ्याच्या वर राहिला पाहिजे. तेवढी उंची नसेल तर आधी टाकीचा स्टँड वाढवा. हवा बाहेर जायचा व्हेंट पाइप थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर न्यावा, नाहीतर त्यातून पाणी वाहत राहतं.

स्टँड ठोकायला गच्चीत ड्रिल मारू देऊ नका. खाली ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर असतो, त्याला भोक पडलं की पहिल्याच पावसात बेडरूमच्या छताला ओल येते. त्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांवर पाय बसवा आणि जूनच्या सुरुवातीचा वारा झेपेल एवढं वजन द्या. खाडीकाठी, म्हणजे ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत, खाऱ्या हवेने साधा पत्रा लवकर गंजतो. स्टँड हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) असल्याचं बिलावर लिहून घ्या, नटबोल्ट स्टेनलेसचे.

गरम पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचा किंवा कंपोझिटचा हवा. साधा पांढरा यूपीव्हीसी एप्रिलच्या उकळत्या पाण्याने मऊ पडतो. घरात लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल तर बाथरूमच्या लाइनवर थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवा, तो पाण्याचं तापमान ठरल्यापेक्षा वर जाऊ देत नाही. एप्रिल-मेमध्ये नळातून ७०-८० अंशांचं पाणी येऊ शकतं आणि त्याने क्षणात भाजतं.

ट्यूबमध्ये पहिलं पाणी भरायचं ते पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. रिकामी ट्यूब उन्हात दोनशे अंशांच्या वर तापते. त्यात दुपारी गार पाणी सोडलं की काच तडकते. फिटर दुपारी एकला आला आणि घाई करू लागला, तर ट्यूबवर ताडपत्री टाकून त्याला संध्याकाळपर्यंत थांबवा.

मिक्सरमधून उलटं जाणारं पाणी

ही तक्रार इतकी येते की वेगळी सांगायला हवी. घरात थंड पाण्याला प्रेशर पंप असतो आणि सोलरचं गरम पाणी नुसत्या उतारावर येतं. मिक्सर उघडला की जोरातलं थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतं आणि ‘सोलर गार पाणी देतोय’ असं वाटतं. सोलर ठीक असतो. गरम लाइनवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, आणि शक्य असेल तर दोन्ही लाइनना सारखाच दाब द्या. प्रेशर पंपानंतरच सोलरला पाणी द्यायचं असेल, तर प्रेशराइज्ड टाकीचं मॉडेलच घ्यावं लागतं. साध्या टाकीला तो दाब सोसत नाही.

टॉवरमध्ये: पाइपाऐवजी तार

वीस-तीस मजली इमारतीच्या गच्चीवर जागा थोडी आणि घरं शंभर-दीडशे. ठाणे महापालिका नव्या इमारतींना सोलर वॉटर हीटर बंधनकारक करणाऱ्या राज्यातल्या सुरुवातीच्या पालिकांपैकी एक. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही सौरऊर्जेची तरतूद आहे. त्यामुळे बऱ्याच टॉवरवर पॅनेल दिसतात, पण पाणी वरच्या चार-पाच मजल्यांपुरतंच गरम पोचतं आणि खालचे लोक गीझरच लावतात.

इथे मी सोलर वीज आणि हीट पंपाच्या (हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालणाऱ्या यंत्राच्या) बाजूने आहे, आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. १ किलोवॅटच्या सोलर पॅनेलला आजकाल साधारण ५ चौरस मीटर काच लागते, मधली वाट धरून १० चौरस मीटर गच्ची. त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. ती थेट गीझरला दिली तर ४ युनिट उष्णता. हीट पंपाला दिली तर जवळपास १२. तेवढ्याच काचेच्या सोलर वॉटर हीटरकडून साधारण तेवढीच उष्णता मिळते. मग वीज का? कारण ती तारेतून तिसाव्या मजल्यावरून पहिल्यावर येताना गार होत नाही. आणि मे महिन्यात गरम पाणी कोणालाच नको असतं तेव्हा ती वीज लिफ्टला, पंपाला लागते. उरलेली नेट मीटरिंगने ग्रिडवर जाते, म्हणजे दिलेले युनिट बिलातून वजा होतात.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटना किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान. गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. हे विजेच्या पॅनेलसाठी आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरला केंद्राचं असं अनुदान आता मिळत नाही. एक गोष्ट सभासदांना आधीच सांगा: सोसायटीचं पॅनेल सामायिक मीटरवर जोडलं की मेंटेनन्सचा वीजखर्च कमी होतो, फ्लॅटच्या गीझरचं बिल तसंच राहतं. हे न सांगितल्यामुळे नंतर फार वाद होतात.

हीट पंप

फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो; हीट पंप बाहेरच्या हवेची उष्णता काढून पाण्यात घालतो. आपल्या हवेसाठी हे यंत्र फारच अनुकूल आहे, कारण हवा बारा महिने उबदार आणि दमट असते. एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता सहज मिळते.

फ्लॅटसाठी घेताना चार गोष्टी तपासा. वजन: २०० लिटरचं यंत्र भरल्यावर पावणेतीनशे-तीनशे किलोच्या घरात जातं, बाल्कनीच्या बाहेर झुकलेल्या कॅन्टिलिव्हर स्लॅबवर ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हवा: बंद कोपऱ्यात ठेवलं तर स्वतःच सोडलेली गार हवा ते परत ओढतं आणि मंदावतं. पाणी: पावसाळ्यात दमट हवेतून बरंच पाणी गळतं, त्याला निचऱ्याची नळी द्या. आवाज: शेजाऱ्याच्या बेडरूमच्या भिंतीला लावू नका.

हे यंत्र सावकाश तापवतं. १०० लिटर पाणी २२ वरून ५५ वर न्यायला ३.८ युनिट उष्णता लागते. अर्धा किलोवॅट वीज खाणारं छोटं यंत्र त्याला अडीच तास घेईल. त्यामुळे टायमर दुपारी बारा ते तीनचा ठेवा. हवा सगळ्यात गरम तेव्हाच असते, म्हणून काम लवकर होतं. स्मार्ट मीटर असेल तर दिवसाच्या तासांतल्या विजेला सवलत आहे का, तेही बिलावर बघा. चांगल्या फोमच्या टाकीत ते पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतं.

ओल्या कचऱ्याचा बायोगॅसही काही जण विचारतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचा निसर्गऋण प्रकल्प त्याचं चांगलं उदाहरण आहे. सोसायटीने जरूर करावा, पण तो गॅस स्वयंपाकाला वापरावा. आंघोळीच्या पाण्याला पुरेल एवढा कचरा इमारतीत निघत नाही.

सभेत आणि कंत्राटात

गच्ची सोसायटीची. वरच्या मजल्यावर राहतो म्हणून कोणाला तिच्यावर खासगी सोलर बसवता येत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. ठरावात जागा, पाइपचा मार्ग, गळती झाल्यास जबाबदारी आणि वॉटरप्रूफिंगच्या वेळी यंत्रणा कोण हलवणार, हे चारही लिहा. मालमत्ता करातल्या सवलतीची सध्याची अट प्रभाग समितीच्या कार्यालयात विचारून तेही इतिवृत्तात घ्या.

कोटेशन तीन मागवा आणि प्रत्येकाला एकच अट घाला: जानेवारीत सकाळी सात वाजता पहिल्या मजल्याच्या नळाला इतक्या लिटरमध्ये इतक्या अंशांचं पाणी मिळालं पाहिजे. गच्चीवरच्या टाकीचं तापमान कोणीही दाखवेल. शेवटचे दहा-वीस टक्के पैसे या चाचणीनंतरच द्या.

पावसाळा आणि त्यानंतर

जुलै-ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला की सोलर कोमट पाणी देतो. त्याला जोड म्हणून बाथरूममधला जुना गीझर काढू नका. सोलरचं पाणी त्यातून जाऊ द्या, म्हणजे उरलेले पाच-दहा अंशच तो चढवेल. गॅस गीझर जोडीला असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा. बंद बाथरूममध्ये त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणसं कळायच्या आत बेशुद्ध पडतात. यात काही म्हणजे काही तडजोड करू नका.

ऑक्टोबर हा देखभालीचा महिना. पाऊस सरला की काचांवरचा शेवाळी थर मऊ फडक्याने, पहाटे, काच गार असताना पुसा. टाकीचा ड्रेन उघडून गाळ सोडा. फोमची फाटलेली सालं बदला. उन्हाने आणि कावळ्यांनी तो आधी वाकणांवर जातो. मग प्रत्येक ट्यूबच्या बंद टोकाकडे वाकून बघा. तिथे आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो, बेरियमचा. तो चकचकीत आहे तोवर आतला निर्वात शाबूत. दुधासारखा पांढरा पडला असेल तर त्या ट्यूबमध्ये हवा शिरली. तिला उन्हात हात लावला तर बाकीच्या गार आणि ती गरम लागेल, कारण तिची उष्णता बाहेर निसटतेय. एवढी एकच ट्यूब बदलायची असते. संक्रांतीच्या आधी दोन-तीन जादा ट्यूब घरात आणून ठेवा, पतंगाच्या मागे गच्चीवर धावणाऱ्या मुलांमुळे जानेवारीत त्या सगळ्यात जास्त फुटतात आणि नेमक्या तेव्हाच दुकानात मिळत नाहीत.